न घेतलेल्या कर्जाचा हप्ता

नाशिकहून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. वय एकोणचाळीस, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम, यजमान नोकरीला, मुलगी आठवीत. पाथर्डी फाट्याजवळ ४२ लाखांचा फ्लॅट ठरला, ५१ हजार टोकन दिलं. फ्लॅट ताईंच्या एकटीच्या नावावर आणि गृहकर्ज दोघांच्या नावावर, असा बेत. बँकेच्या एजंटने कागद नेले आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, तुमचं सिबिल खराब आहे." सिबिल म्हणजे आपल्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद ठेवणारी कंपनी. तिच्या रिपोर्टमध्ये चौदा महिन्यांपूर्वीचं १८ हजारांचं एक ऑनलाइन कर्ज निघालं. एकही हप्ता भरलेला नाही, व्याज आणि दंड धरून आता २७ हजारांच्या घरात. फ्रिजचे हप्ते सोडले तर ताईंनी आयुष्यात कुणाचं देणं ठेवलेलं नाही.

एजंट म्हणतो, भरून टाका, आठ दिवसांत क्लिअर होईल. नाहीतर मॅडमचं नावच काढू, सगळं साहेबांच्या नावावर करू. यजमानांनाही मिटवणंच बरं वाटतं, कारण ताईंचा संशय पुतण्यावर आहे. थोरल्या दिरांचा मुलगा शिकायला वर्षभर यांच्याकडे राहिला होता. ताईंचं आधार आणि पॅन त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, वायफाय घेताना त्यांनीच पाठवलेलं. मोबाईलचा पिनही त्याला माहीत होता. आता तो पुण्यात नोकरीला आहे आणि त्याच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. ताई विचारतात: भरून टाकू का? पुतण्याला विचारू का? आणि इतक्या ठिकाणी कागद वाटून झाल्यावर आता दार लावायचं कसं? पत्राच्या शेवटी लिहितात, "चूक माझीच, मीच कागद कुणालाही देत गेले."

*

ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य ते शेवटचं. तिथूनच सुरुवात करते.

मीही एकदा बसून यादी केली होती, पाच वर्षांत आधारची झेरॉक्स कुठे कुठे दिली त्याची. गॅस एजन्सी, दोन सिमकार्डं, नातीची शाळा, गणपतीपुळ्याचा लॉज, भाडेकराराचा एजंट, सोसायटीचा फॉर्म, वीज मीटरवरचं नाव बदलताना, आणि एका लग्नाचा हॉल. हॉलवाल्याला आधार कशाला लागतं, हे मी विचारलंही होतं. "सगळेच देतात मावशी," तो म्हणाला, आणि मीही दिलं. बँकेत एकतीस वर्षं काढलेली बाई मी.

२७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. लोक घाबरले, गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. वाचणाऱ्यांचा गैरसमज होऊ शकतो, नेहमीचं तारतम्य बाळगा म्हणजे झालं, असा खुलासा आला. म्हणजे देऊ नका म्हणणारं आणि द्यायला हरकत नाही म्हणणारं सरकार एकच. तारतम्य तेवढं आपण बाळगायचं.

तेव्हा आधार आणि पॅनचे क्रमांक हे तुमचं गुपित होतं आणि ते तुम्ही फोडलंत, ही समजूत आधी सोडा. ते गुपित कधीच नव्हतं. तुमचा मोबाईल नंबर जसा शंभर जणांकडे आहे तसेच हे आकडेही आहेत. कर्ज मागणारा माणूस खरोखर तोच आहे ना, हे बघणं कर्ज देणाऱ्याचं काम. आमच्या शाखेत माणूस समोर बसायचा, जामीनदार घेऊन यायचा, तरी आम्ही त्याची सही जुन्या सहीशी ताडून बघायचो. या कंपनीने तुमचं तोंडही न बघता १८ हजार सोडले. मग हलगर्जी कुणाची?

२०२२ च्या एप्रिलमध्ये अभिनेता राजकुमार राव याने जाहीरपणे सांगितलं होतं की त्याच्या पॅनवर कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलं आणि त्यामुळे त्याचा सिबिल स्कोअर बिघडला. अडीच हजार! चोर इतकी चिल्लर का उचलतो, याचं मला तरी दिसतं ते कारण असं: छोट्या रकमेची तपासणी ढिली असते, आणि पुढे ती उघडकीला आली तरी माणूस "कुठे कटकट" म्हणून भरून मोकळा होतो. तुमचे यजमान आणि एजंट आज तुम्हाला तेच सांगताहेत.

आता भरण्याबद्दल. यजमानांचा हिशेब चुकीचा आहे असं नाही. ४२ लाखांच्या घरापुढे २७ हजार म्हणजे काही नाही, टोकन अडकलंय, मन:शांतीची किंमत म्हणून द्यावेत. मलाही पटलं असतं, पण पैसे भरून नक्की काय मिळतं ते बघा. कर्ज 'बंद' झाल्याची नोंद होईल. मधल्या चौदा महिन्यांचे चुकलेले हप्ते मात्र तसेच दिसत राहतील, कारण रिपोर्टमध्ये छत्तीस महिन्यांपर्यंतचा हप्त्यांचा इतिहास असतो. एजंटचं "आठ दिवसांत क्लिअर" हे त्याच्या कमिशनच्या घड्याळावरचं आहे. त्यातून वसुलीवाल्याने "पंधरा हजारांत सेटल करू" म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर नोंद 'बंद' अशीही न होता 'सेटल्ड' अशी होते. कर्ज विभागात काम केलेला कुणीही सांगेल, तो शब्द बघून अधिकारी फाईल बाजूला ठेवतो.

दुसरं म्हणजे भरलेला रुपया बोलतो. कर्ज विभागात असताना आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ आले होते. असंच कुणीतरी काढलेलं नऊ हजारांचं कर्ज त्यांनी मुलांना न सांगता भरून टाकलं होतं. पाच महिन्यांनी त्याच कंपनीचं दुसरं कर्ज निघालं, चाळीस हजारांचं. त्यांनी "हे माझं नाही" म्हटल्यावर कंपनीचं उत्तर आलं, "पहिलं आपणच फेडलं होतं." पुढे वर्षभर ते कागद घेऊन फिरत होते. ज्याने तुमच्या नावाने एकदा पैसे उचलले त्याच्याकडे तुमचे कागद अजून आहेत, हे विसरू नका.

आणि भरायचंच ठरलं, समजा बिल्डर एकही दिवस थांबायला तयार नाही, तर तो शेवटचा मार्ग समजा. फोनवर आलेल्या लिंकवर एक रुपया टाकू नका. वसुलीच्या नावाने फोन करणारे निम्मे कोण असतात देव जाणे. थेट कंपनीच्या खात्यात, पूर्ण रक्कम, आणि त्याआधी ईमेल: हे कर्ज मी घेतलेलं नाही, माझी हरकत कायम ठेवून भरत आहे.

तुमचं नाव काढण्याचा सल्ला मला जास्त खुपला. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तुमच्या फ्लॅटवर ते झाले जवळजवळ ४२ हजार. म्हणजे २७ हजारांच्या खोट्या कर्जापायी ४२ हजारांची खरी सवलत सोडायची, वर घरही नावावर नाही. एजंटला त्यात काही जात नाही. तुम्ही हिशेबाचं काम करता, हा हिशेब यजमानांसमोर एकदा कागदावर मांडा. चोरीचा दंड म्हणून बायकोचं नाव उतरवायचं, ही सूचना आपल्या घरांत फार सहज निघते, आणि तितक्याच सहज मान्यही होते.

मग करायचं काय? आधी सगळं चित्र बघायचं. तुम्ही जो रिपोर्ट पाहिला तो सिबिलचा. तशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, स्वतःच्या मोबाईलवरून आणि त्यांच्या मूळ संकेतस्थळांवरून, एजंटकडून नव्हे. एका ठिकाणी न दिसणारं कर्ज दुसरीकडे दिसू शकतं. खाली 'चौकशी' असा भाग असतो, म्हणजे कुणी कुणी तुमचा रिपोर्ट मागवला त्याची यादी. तो नीट वाचा. अर्ज केला पण कर्ज मिळालं नाही, असे प्रयत्न तिथे दिसतात.

रिपोर्ट काढलात की त्याच संकेतस्थळावर त्या नोंदीसमोर हरकत घ्यायची: हे खातं माझं नाही. सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, ते कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतं. म्हणून त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेल टाका. नाव-पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. मजकूर इतकाच पुरे:

"आपल्या कंपनीने माझ्या पॅनवर अमुक तारखेला अमुक क्रमांकाचं कर्ज दिल्याचं मला आज रिपोर्टमधून कळलं. हे कर्ज मी मागितलेलं नाही, घेतलेलं नाही आणि त्याची रक्कम मला मिळालेली नाही. करारपत्र, केवायसीचे कागद व फोटो, अर्जातला मोबाईल नंबर व ईमेल, ओटीपीची नोंद आणि रक्कम ज्या खात्यात जमा केली त्याचा तपशील मला द्यावा. तपास होईपर्यंत वसुली थांबवावी व चुकीची नोंद दुरुस्त करावी."

यात रडगाणं नको, पुतण्या नको, "कृपया मदत करा" नको. तुम्ही मदत मागत नाही आहात, त्यांची चूक त्यांना कळवताय. आणि गंमत म्हणजे तक्रार नोंदवायलाही ते तुमच्याकडे पुन्हा आधारच मागतील. ते कसं द्यायचं, पुढे सांगते.

या ईमेलमधला सगळ्यात मोलाचा प्रश्न शेवटचा: पैसे कुठल्या खात्यात गेले? सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की डिजिटल कर्जाची रक्कम, काही अपवाद सोडता, थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा झाली पाहिजे. तुमच्या खात्यात तर आली नाही. म्हणजे एक तर कंपनीने नियम धाब्यावर बसवून दुसऱ्याच्या खात्यात टाकली, किंवा तुमच्या नावाने तुम्हाला ठाऊक नसलेलं एक खातं कुठेतरी उघडलेलं आहे. हे दुसरं जास्त गंभीर. तसं खातं फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलं गेलं तर उद्या पोलिसांचा फोन तुम्हाला येईल. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर लॉगइन करून एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवरच्या वर्षभराच्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं पत्रक, उघडा. तुमच्या पॅनवर कुठल्या कुठल्या बँकेने बचत खात्याचं व्याज दिल्याचं कळवलंय ते त्यात असतं. अनोळखी बँकेचे अकरा रुपये व्याज दिसले तरी दुर्लक्ष करू नका.

हरकत घेतल्यापासून तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली पाहिजे. नाही निघाली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. २६ एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. शंभर रुपयांनी तुमचं घर होणार नाही, पण ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख असला की उत्तरं जरा लवकर येतात, हा माझा अनुभव. महिना उलटूनही दाद लागली नाही किंवा उडवाउडवीचं उत्तर आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, मराठीतूनही बोलता येतं.

दरम्यान गृहकर्जाच्या बँकेला अंधारात ठेवू नका. एजंटला नव्हे, शाखेतल्या अधिकाऱ्याला स्वतः भेटा, हरकतीची पावती आणि पोलीस तक्रारीची प्रत द्या. मी त्या खुर्चीत बसले आहे म्हणून सांगते: 'थकबाकीदार' आणि 'थकबाकीची नोंद आहे पण तिच्याविरुद्ध लेखी तक्रार केलेली व्यक्ती' या दोन फायली अधिकाऱ्याच्या डोळ्यांना वेगळ्या दिसतात. मंजुरी थांबू शकते, पण नकाराचा शिक्का बसण्याऐवजी फाईल प्रलंबित राहते. बिल्डरकडे त्या आधारावर महिना-दीड महिन्याची मुदत मागा, तीही लेखी. टोकनच्या पावतीमागे काय छापलंय ते वाचलंय का? नसेल तर आज वाचा.

पोलीस तक्रार म्हटल्यावर तुमच्या घरात सगळे गप्प झाले, असं तुम्ही लिहिलंय. कारण सगळ्यांनी धरून चाललंय की तक्रार म्हणजे पुतण्याविरुद्ध तक्रार. तसं अजिबात नाही. तुम्हाला जे ठाऊक आहे तेच लिहायचं: अज्ञात व्यक्तीने माझी ओळख वापरून कर्ज घेतलं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ही तक्रार घरबसल्या नोंदवता येते. १९३० हा क्रमांक तुम्ही ऐकला असेल. खात्यातून नुकतेच पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरात तिथे फोन करण्याला फार किंमत असते, कारण पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. तुमच्या चौदा महिने जुन्या प्रकरणात ती घाई नाही, पोर्टल पुरे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ठाण्यात "ही आमची हद्द नाही" असं ऐकू आलं तर सांगा की हद्द कुठलीही असली तरी नोंद घ्यावी लागते.

आता पुतण्या. पत्राची दोन पानं त्याच्यावरच आहेत, तेव्हा मीही जरा थांबते.

तुमचा संशय तीन गोष्टींवर उभा आहे: कागद त्याच्याकडे होते, पिन त्याला माहीत होता, आणि त्याच काळात त्याने नवा मोबाईल घेतला. पहिली गोष्ट मी वर मोडीत काढली, कागद निम्म्या नाशिककडे होते. तिसरी तर काहीच सिद्ध करत नाही. विशीतली मुलं मोबाईल घेतात. दुसरीत मात्र दम आहे, खोटं कशाला बोलू. आधारवरून ऑनलाइन केवायसी झाली असेल तर ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला असणार, आणि तो वाचायला तुमचा मोबाईल कुणाच्या तरी हातात असणार. पण असे हात अजून कुणाचे होते ते आठवा. फ्रिज घेताना फायनान्सवाल्या मुलाने तुमचा मोबाईल स्वतःच्या हातात घेऊन "मॅडम, एक ओटीपी आलाय बघा" म्हटलं होतं का? कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला, मान वळवायला सांगितलं होतं का? कुठल्या योजनेची केवायसी करायला सायबर कॅफेत मोबाईल दिला होता का? आणि कर्जाची तारीख बघितलीत का? त्या दिवशी पुतण्या तुमच्या घरी राहत तरी होता का? पत्रात ती तारीख कुठेच नाही.

आधारच्या संकेतस्थळावर तुमचं आधार कुणी कधी तपासलं याचा इतिहास दिसतो, पण तो सहा महिन्यांपुरताच. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. कंपनीकडे मात्र नोंद आहे: अर्जातला मोबाईल, फोटो, खातं. म्हणून म्हणते, त्यांचं उत्तर येईपर्यंत पुतण्याला एक शब्द विचारू नका. जाऊबाईंच्या कानावर तर मुळीच घालू नका. संशय खोटा निघाला तर तुम्ही माफी मागाल, ती मिळेलही, पण लग्न ठरत असताना "काकूंनी चोर म्हटलं" हे वाक्य त्या घरात पुढची वीस वर्षं दिवाळीला निघेल. आणि खरा निघाला, तर आधीच सावध केल्याने अ‍ॅप आणि मेसेज पुसायला त्याला वेळ मिळेल.

उत्तर आलं आणि खातं त्याचंच निघालं, तर? तर यजमानांना घेऊन पुण्याला जा, त्याला एकट्याला भेटा, कागद पुढे ठेवा आणि त्याला बोलू द्या. मुलं अडकतात. ऑनलाइन जुगार असतो, एका अ‍ॅपचं कर्ज फेडायला दुसऱ्या अ‍ॅपचं काढलेलं असतं. कदाचित तुम्हाला रागाबरोबर दयाही येईल, आणि त्यात गैर काही नाही. पण दया करण्याआधी तिची किंमत माहीत असू द्या. त्याने पैसे भरले आणि तुम्ही गप्प बसलात, तर कागदोपत्री ते कर्ज कायमचं तुमचं झालं आणि चुकलेले हप्तेही तुमचे. तुमची सिबिलची हरकत टिकवायची तर खरं काय घडलं हे लेखी द्यावं लागणार. यातलं काय निवडायचं हे मी सांगणार नाही. फक्त एक करू नका: त्याचं नाव कळल्यावरही पोलिसांना 'अज्ञात व्यक्ती' सांगत राहणं. माहीत नसताना ते खरं आहे, माहीत झाल्यावर नाही. त्या वळणावर आलात तर आधी वकिलाशी बोला, कारण गुन्हा नोंदवल्यावर तो मागे घेणं नुसतं तुमच्या हातात राहत नाही. वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं. १५१०० ला फोन केला तरी चालतो.

तुमचा तिसरा प्रश्न, दार कसं लावायचं. हे सगळ्यांनीच वाचावं.

आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या महिन्यात गेले होते. "या नंबरवर पाठवा मावशी, प्रिंट काढतो," तो म्हणाला. मी पाठवलं. त्याच्या कॉम्प्युटरवर फाईल शोधताना त्याने डाउनलोडचा फोल्डर वर-खाली फिरवला आणि मी चष्मा लावून बघत राहिले: आई आधार, आई आधार नवीन, पप्पा पॅन, सातबारा, जातीचा दाखला, पासबुक पहिलं पान. शेकड्यांनी. कुणाची आई, कुणाचे पप्पा, सगळे तिथे राहायला आलेले. मुलगा सज्जन आहे, प्रश्न तो नाही. पण दुकानात दिवसभरात चार पोरं तो माऊस हातात घेतात. प्रिंट मिळाल्यावर मी त्याला माझी फाईल पुसायला लावली, कचरापेटीतूनसुद्धा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज 'सर्वांसाठी' पुसला. तो हसला. हसू दे.

शक्य तिथे मास्क्ड आधार द्या. आधारच्या संकेतस्थळावरूनच डाउनलोड होतं, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. लॉज, हॉल, सोसायटी, क्लास, सगळ्यांना ते पुरतं. झेरॉक्सच द्यावी लागली तर मधोमध, फोटोला आणि अक्षरांना छेदून पेनाने लिहा: "फक्त वायफाय जोडणीसाठी, दि. अमुक." कडेला लिहू नका, कडेचं कापता येतं.

बायोमेट्रिक, म्हणजे आधारला जोडलेले बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवा, तेही आधारच्याच संकेतस्थळावर होतं. तेलंगणात २०१८ साली एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून नकली ठसे बनवले होते. तुम्ही आता खरेदीखतावर अंगठा देणारच आहात. घरात सासूबाईंचं रेशन अंगठ्यावर मिळत असेल तर त्यांचं लॉक करण्याआधी ते उघडायचं कसं हे शिकून घ्या, नाहीतर दुकानात रांग थांबेल आणि शिव्या तुम्हाला पडतील.

संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते दिसतं. नऊपर्यंत जोडण्या घेता येतात, म्हणजे आठ अनोळखी असल्या तरी कुठली घंटा वाजत नाही. अनोळखी नंबरापुढे "हा माझा नाही" असं तिथेच कळवता येतं. तुमचं कर्ज ज्या नंबरावर काढलंय तोही तुमच्याच नावावर निघायचा. चहा होईपर्यंत हे काम होतं.

मोबाईलचा पिन बदला, यूपीआयचाही. कुलूपबंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. नाहीतर ओटीपी वाचायला पिनही लागत नाही, टेबलावर पडलेला मोबाईल पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'माझी कागदपत्रं' म्हणून स्वतःलाच पाठवून ठेवलेले फोटो काढून टाका. आणि एपीके नावाची, मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल कुणाकडूनही आली तरी उघडू नका. आरटीओचं चलन म्हणून येते, बँकेचं अपडेट म्हणून येते, आणि हल्ली लग्नपत्रिका म्हणूनही येते. लग्नसराईत भावकीच्या ग्रुपवर कुणी अशी पत्रिका पाठवली तर आधी फोन करून विचारा. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये मावते, तिला मोबाईलमध्ये इन्स्टॉल व्हायची गरज नसते.

एक राहिलं. चारही रिपोर्टमध्ये तुमचा तो फ्रिज शोधा. ते कर्ज 'बंद' असं दिसलं पाहिजे. शेवटचा हप्ता भरल्यावर कंपनीने नोंद पाठवलीच नाही आणि रिपोर्टमध्ये फ्रिज अजून उघडाच आहे, असंही मी पुष्कळदा पाहिलंय. तो मात्र तुमचाच आहे, तिथे "माझा नाही" म्हणू नका. त्याची एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं कंपनीचं पत्र, वॉरंटी कार्डाबरोबर कुठल्या तरी पिशवीत असेल, ती आजच शोधून ठेवा.